वणवा कोणी लावला, कधी लावला, तेही छापा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये नामिबियातील एटोशा राष्ट्रीय उद्यानाला लागलेल्या आगीचे वृत्त आपल्या दैनिकाने दिले, उद्यानाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग जळाल्याचे सांगितले, ज्वाळांचे मोठे छायाचित्र छापले आणि आग आटोक्यात आल्यावर बातमीही विझली. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला असल्याने त्या बातमीचे कात्रण काढून ठेवले होते. परवा मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्याच बातमीचा विषय निघाला, तेव्हा दोन शेजाऱ्यांनी तिचे दोन अगदी उलटे अर्थ लावलेले आढळले. एकाच्या मते आफ्रिकेतील वन्यजीवन आता संपल्यातच जमा आहे. दुसरे गृहस्थ मूळचे जव्हारकडचे. ते म्हणाले, "जळू द्या हो सर, गवत जळलं की पुढच्या वर्षी जोमानं येतं, तिथं काय नि आपल्या डोंगरावर काय." दोघांनीही बातमी नीट वाचली होती, पण किती जळले या एकाच आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येतो, कारण तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. कोणत्या महिन्यात जळले, मागच्या आगीनंतर किती वर्षांनी जळले, कोणाच्या हातून जळले आणि कुंपणापलीकडे काय चालले होते, हे कळल्याखेरीज आफ्रिकेतील वणव्याला चांगले किंवा वाईट म्हणता येत नाही. या चार गोष्टी बातमीत याव्यात एवढ्यासाठी हे पत्र.

एटोशाचेच घ्या. हे उद्यान बावीस हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे, म्हणजे आपली बोरिवली ते येऊरपर्यंतची, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची सुमारे १०४ चौरस किलोमीटरची टेकाडे त्यात दोनशेहून अधिक वेळा मावतील. आग सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागली. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात पाऊस साधारण ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात येतो, त्यामुळे सप्टेंबर हा तेथील आपला एप्रिल-मे असतो आणि गवत मे महिन्यापासून वाळत पडलेले असते. अशा वेळी लागलेली आग वाऱ्याबरोबर दिवसाला कित्येक किलोमीटर धावते. ती विझवण्यासाठी नामिबियाच्या सरकारला सुमारे पाचशे सैनिक धाडावे लागले. कुरंगवर्गातील किमान नऊ प्राणी मेल्याचे पहिल्या दिवसांत जाहीर झाले आणि उद्यानाला लागून असलेल्या खासगी शेतांवरील कोळशाच्या भट्ट्यांमधून आग आत आली असावी, असा संशय सरकारनेच व्यक्त केला.

बहुतेक बातम्यांत हा कोळसा एका वाक्यात येऊन गेला, पण माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. नामिबियात कोट्यवधी हेक्टर गवताळ जमिनीवर गेल्या शंभर वर्षांत काटेरी झुडपांनी आक्रमण केले आहे. ही झुडपे परदेशी नाहीत, तिथलीच आहेत. पूर्वी त्यांना दोन गोष्टी आवर घालत असत, अधूनमधून लागणारी आग आणि पाला ओरबाडणारे वन्य प्राणी. वसाहतीच्या काळात मोठमोठी गुरांची शेते आखली गेली, गुरांनी गवत मुळापर्यंत खाल्ले, आगीला जळायला काही उरले नाही, शिवाय शेतमालक आग दिसली की विझवू लागले, पाला खाणारे प्राणी हटवले गेले आणि झुडपांना रान मोकळे मिळाले. हवेत वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडनेही त्यांना हात दिला असे शास्त्रज्ञ सांगतात. आता तीच झुडपे तोडून शेतमालक कोळसा पाडतात आणि तो युरोपात मांस भाजण्याच्या शेगड्यांसाठी जातो. वर्षानुवर्षे आग दाबून ठेवली म्हणून झुडूप माजले, झुडूप माजले म्हणून भट्टी लागली आणि संशय खरा असेल तर त्या भट्टीची ठिणगी वर्षाच्या सर्वांत वाईट महिन्यात उद्यानात शिरली. आपल्याकडे रायगड-ठाण्याच्या कातकऱ्यांच्या किती पिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबल्या हे वाचकांना ठाऊक आहे. त्यामुळे ही साखळी समजावून सांगितली असती तर ती कोणालाही परकी वाटली नसती.

आता सव्हानाविषयी, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशाविषयी थोडे, कारण मूळ गैरसमज तिथला आहे. सव्हाना म्हणजे झाडे तोडून उरलेले जंगल नव्हे. ते झाडे आणि गवत यांचे लाखो वर्षांचे भांडण आहे आणि त्यात आग गवताच्या बाजूने असते. गवताचा वाढीचा कोंब मातीलगत किंवा मातीखाली असतो, त्यामुळे वरची पाती जळाली तरी कोंब वाचतो. बाभळीच्या कुळातील लहान रोप आगीत वरून जळते, पण मुळातून पुन्हा धुमारे फुटतात, पुढच्या आगीत ते पुन्हा जळतात आणि हा खेळ वीस-वीस वर्षे चालतो. एखाद्या रोपाला दोन आगींमध्ये पुरेशी उसंत मिळाली आणि त्याचा शेंडा ज्वाळेच्या उंचीपलीकडे, म्हणजे दोन-तीन मीटरवर गेला, की ते सुटले आणि त्याचे झाड झाले. म्हणून दोन आगींमधले अंतर हा तिथला सर्वांत महत्त्वाचा आकडा असतो. जगात दरवर्षी जेवढी जमीन जळते तिचा सुमारे दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग एकट्या आफ्रिकेत असतो आणि त्यातील बहुतांश सव्हानाच असते.

काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात मला दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान पाहण्याची संधी मिळाली. रस्त्याच्या डाव्या बाजूला छातीएवढे पिवळे गवत होते, तर उजव्या बाजूला दहा-बारा दिवसांपूर्वी जाळलेली जमीन काळीभोर पसरली होती. मला त्या काळ्या बाजूची कीव आली, पण प्राणी सगळे तिकडेच होते. काजळलेल्या ठोंबांतून बोटभर हिरवी पाती वर आली होती आणि इम्पाला मान खाली घालून तीच टिपत होते. तेवढ्या कोरड्या जमिनीत ओल कुठून आली, हे मला तेव्हा कळले नाही. वाटाड्याने सांगितले की हे गवत आपल्या मुळांत साठवलेल्या अन्नावर पालवते आणि या कोवळ्या पात्यांत जून गवतापेक्षा कितीतरी अधिक प्रथिने असतात. वारुळे तेवढी तांबडी आणि अभंग उभी होती. आग चालू असताना इथे नीलपंख, कोतवाल, घारी आणि करकोचे ज्वाळेच्या पुढे-मागे गोळा होतात, कारण उडून पळणारे टोळ त्यांना फुकट मिळतात, असेही तो म्हणाला. मग त्याने बुटाने राख बाजूला सारून एका कासवाची पांढरी पडलेली पाठ दाखवली. पळू शकणाऱ्यांसाठी आग हे जेवण असते आणि ज्याला पळता येत नाही त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

याच क्रूगरचा इतिहास आपल्या वनखात्यातील प्रत्येकाने वाचावा इतका बोधप्रद आहे. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यापासून तेथील अधिकाऱ्यांनी आगीबाबत अनेकदा आपले मत बदलले. १९५०च्या दशकापासून पुढची दोन-अडीच दशके त्यांनी उद्यानाचे चौकोन पाडून ठराविक वर्षांनी एकेक चौकोन घड्याळ लावल्यासारखा जाळला. नंतर त्यांना हे फार यांत्रिक वाटले आणि १९९२ पासून त्यांनी ठरवले की केवळ विजेने लागलेली आग जळू द्यायची आणि माणसाने लावलेली विझवायची. कागदावर हे अत्यंत नैसर्गिक दिसत होते. प्रत्यक्षात जळालेल्या क्षेत्राचा मोठा भाग माणसांच्याच आगींचा निघाला, कारण मोझांबिकमधून पायी येणारे स्थलांतरित, शिकारी आणि शेजारची गावे यांच्या काड्या वीज पडण्याची वाट पाहत नव्हत्या. दहा वर्षांनी ते धोरणही सोडावे लागले. पुढे सगळ्या धोरणांच्या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्यावर असे दिसले की धोरण कोणतेही असो, एकूण किती क्षेत्र जळते हे प्रामुख्याने आधीच्या एक-दोन वर्षांत पडलेल्या पावसावर, म्हणजे किती गवत वाढले यावर ठरते. माणसाच्या हातात राहते ते इतकेच, की आग कधी लागावी आणि तिचे तुकडे लहान असावेत की एकच मोठी जीभ असावी. १९५४ पासून तेथे सुमारे सात-सात हेक्टरांचे प्रायोगिक तुकडे आखून काही दरवर्षी, काही दोन-तीन वर्षांनी, निरनिराळ्या महिन्यांत जाळले जातात आणि काहींना आग लागूच दिली जात नाही. चार दशकांच्या नोंदींतून जो निष्कर्ष निघाला तो मला फार उद्बोधक वाटतो. आगीने झाडांची संख्या फारशी बदलली नाही, त्यांचा आकार बदलला. सतत जळणाऱ्या तुकड्यांत झाडे तितकीच होती, पण खुरटी होती.

पावसाचा हा संबंध कधी किती भीषण ठरतो, तेही तिथेच दिसले. २००० साली त्या प्रदेशात अतिवृष्टी आणि पूर आला, गवत अफाट वाढले आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात लागलेल्या आगीत छपरांसाठी गवत कापायला आत गेलेल्या स्त्रिया आणि वनरक्षक मिळून वीसहून अधिक माणसे मरण पावली. चांगला पाऊस झाला की आपल्याला हायसे वाटते. जंगल राखणाऱ्याला त्याच वेळी पुढच्या उन्हाळ्याची चिंता लागते.

आगीला गवत लागते आणि गवत खाणाराही एक वणवा विझवणाराच असतो, हे सांगणारे सर्वांत मोठे उदाहरण टांझानियाच्या सेरेंगेटीचे आहे, आणि त्याचे एक टोक कदाचित आपल्या देशात आहे. १८८०च्या दशकाच्या अखेरीस गुरांचा बुळकांडी हा रोग आफ्रिकेच्या ईशान्येकडील शिंगासारख्या टोकाच्या किनाऱ्यावर उतरला. तो भारतातून नेलेल्या गुरांबरोबर गेला असे मानले जाते. काही वर्षांतच तो खंडभर पसरला. त्याने गुरे मारली, गुरांवर जगणारी माणसे उपाशी मारली आणि विल्डबीस्टसारखे रवंथ करणारे वन्य प्राणीही मारले. पुढे आसपासच्या गुरांना लस टोचली जाऊ लागल्यावर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो सेरेंगेटीतून हटला. तेव्हा तेथे विल्डबीस्ट अडीच-तीन लाखांच्या आसपास होते, १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते तेरा-चौदा लाखांवर गेले. इतक्या तोंडांनी गवत चरल्यावर वाळून जळायला उरले किती? वणव्यांचे क्षेत्र घटले, झाडांची रोपे सुटली, झाडोरा वाढला आणि जो प्रदेश हवेत कार्बन सोडत होता तो साठवू लागला. गुरांना टोचलेल्या लशीने जंगलातील आग कमी केली, असे वर्गात सांगितले की मुलांना मी थट्टा करतो आहे असे वाटे. दक्षिण आफ्रिकेतील ह्लुह्लुवे-इम्फोलोझी उद्यानात पांढऱ्या गेंड्यांबाबत असाच अनुभव आला. ज्या जास्त पावसाच्या भागातून गेंडे हलवले गेले, तिथे त्यांनी खुरटे राखलेले गवताचे गालिचे वाढून उंच झाले आणि आगी मोठ्या होऊ लागल्या.

हत्तींचे मात्र उलटे आहे. हत्ती झाडाची साल सोलतो, आग त्या उघड्या खोडात शिरते आणि एरवी कितीही आगी पचवणारे झाड दोन-तीन वर्षांत कोसळते.

कारणांची यादी लांबलचक आहे, पण त्यात दुष्ट माणसे वाटतात त्यापेक्षा कमी आहेत. गुराखी गोचिडी मारण्यासाठी आणि कोवळ्या गवतासाठी जाळतो, शेतकरी शेत साफ करताना जाळतो, शिकारी हिरव्या पालवीवर प्राणी आणण्यासाठी किंवा वनरक्षकांना दुसरीकडे गुंतवण्यासाठी जाळतो. मोझांबिकच्या नियासा राखीव क्षेत्रात मध काढणारे लोक विशिष्ट हाक घालून मधाचा माग दाखवणाऱ्या एका पक्ष्याला बोलावतात आणि तो दाखवील त्या झाडाखाली मशाल धरून माशा उठवतात. त्या मशालीची ठिणगी गवतात पडली तर त्याला गुन्हा म्हणायचे की उदरनिर्वाह? यांतील पुष्कळ लोक पिढ्यान्‌पिढ्या पावसाळा संपल्यावर लगेच, गवत अर्धे हिरवे असतानाच, ठिकठिकाणी छोटे तुकडे जाळत आले आहेत. अशी आग थंड असते, संध्याकाळच्या दवाने आपोआप विझते आणि तिचे काळे पट्टे पुढे उन्हाळ्यातील मोठ्या आगीला अडवतात. वसाहतकालीन वनखात्यांनी या जाळण्याला अडाणीपणा ठरवून बंदी घातली, आणि आता अनेक उद्याने हंगामाच्या आरंभी मुद्दाम तेच जाळतात, हे त्या खात्यांच्या वारसदारांनी कधीतरी मोकळेपणाने कबूल करायला हवे.

तथापि आफ्रिकेतही सगळीच जमीन आगीची मैत्रीण नाही, हे जव्हारच्या माझ्या शेजाऱ्यांसाठी लिहितो. किलिमांजारोच्या उतारावरील ढगांत बुडालेले जंगल धुक्यातून पाणी गाळून घेते आणि खालच्या गावांचे झरे जिवंत ठेवते. त्याच्या वरच्या कडेला वारंवार आगी लागून गेल्या काही दशकांत जंगलाची रेषा खाली सरकली आणि तिथे आगीला सरावलेली झुडपे आली. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथे मोठी आग लागली, तेव्हा गिर्यारोहकांचे सामान वाहणारे हमाल अन्न गरम करत असताना ती लागल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले होते. ज्या झाडांनी आग कधी पाहिलीच नाही, त्यांच्या सालीत आणि मुळांत तिच्यासाठी काही तजवीज नसते.

मुंबईकराला सर्वांत जवळचे उदाहरण केपटाऊनचे वाटावे, कारण आपल्याप्रमाणे त्या शहराच्याही अंगातच एक राष्ट्रीय उद्यान आहे. टेबल माउंटनवरील फिनबॉस नावाचे झुडपी रान ठराविक काळाने जळावेच लागते. तेथील कित्येक वनस्पतींचे बी धुराचा अंश पाण्यातून पोचल्याशिवाय रुजत नाही आणि प्रोटीयाची कित्येक बोंडे आगीनंतरच उघडतात. पण हे जळणे दहा-पंधरा वर्षांनी किंवा त्याहून उशिराने व्हावे लागते. त्याआधी आग आली तर रोपे बी धरण्याआधीच मरतात. माणसाने लावलेल्या पाइन वृक्षांमुळे तीच आग कितीतरी अधिक तापते. १८ एप्रिल २०२१ रोजी तेथील डोंगरावर लागलेली आग वाऱ्याने खाली उतरली आणि केपटाऊन विद्यापीठाच्या जॅगर ग्रंथालयाचे वाचनदालन तिने भस्मसात केले. आफ्रिकेविषयीचा दुर्मीळ ग्रंथसंग्रह जळाला तो अशा रीतीने, रान आणि शहर यांच्यामधली पट्टी आगीने ओलांडल्यामुळे.

आपली पट्टी कशी आहे, हे आमच्या गच्चीवरून दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या रात्री मुलुंडच्या डोंगरावर लाल दोरा सरकताना दिसतो आणि सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काळ्या काड्या पडलेल्या असतात. झटकायला गेले की त्या बोटाखाली फुटून रेघ उमटते. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगावच्या बाजूला आरेलगतच्या डोंगरावर लागलेली आग तर साऱ्या शहराने पाहिली. येथे कोरडी वीज पडत नाही, वीज येते ती वळवाच्या पावसाबरोबर, म्हणून आपल्या डोंगरावरचा जवळपास प्रत्येक वणवा माणसाच्या हातचा असतो. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. ती आग शेताच्या बांधात राहते, तिचा आणि डोंगर पेटवण्याचा संबंध जोडू नये. देशावरची माळराने हीही निराळी गोष्ट आहे. पण पानगळीच्या जंगलात दरवर्षी आग लागली तर रोपे संपतात आणि मोकळ्या जागी घाणेरी व रानमोडी शिरते. हीच रानमोडी ह्लुह्लुवेतही शिरली होती. ती वाळली की भडका उडवते आणि गवतावरची आग जंगलाच्या कडेत नेते. ती उपटण्यासाठी तिथल्या लोकांना अनेक वर्षे मजूर लावून खपावे लागले.

या वर्षी आणखी एक कारण आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कारवी आठ वर्षांनी २०२४ मध्ये फुलली. फुलल्यावर ती झुडपे वाळून मरतात, बी जमिनीवर पडते आणि त्यातून नवी पिढी उभी राहते. म्हणजे सध्या त्या उतारांवर एकीकडे वाळक्या काठ्यांचे सरपण आहे आणि त्यांच्याच बुडाशी वीतभर उंचीची रोपे आहेत, ज्यांना २०३२ मध्ये फुलायचे आहे. हा उतार आत्ता जळणे आणि चार वर्षांनी जळणे यांत फार अंतर आहे, पण आपल्या बातमीत दोन्ही वेळा अग्निशमन दलाच्या किती गाड्या पोचल्या एवढेच छापून येईल.

तेव्हा विनंती अशी की डोंगरावरचे गवत वाळू लागले आहे आणि येत्या तीन-चार महिन्यांत आपल्या वार्ताहरांना वणव्याच्या बातम्या द्याव्याच लागतील, तर त्यांनी वनखात्याला आणखी काही प्रश्न विचारावेत. आग कोणत्या बाजूने वर चढली, रस्त्याच्या कडेने, वस्तीकडून की कचऱ्याच्या ढिगातून? तोच उतार याआधी कधी जळाला होता? जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी आधीच जाळून ठेवायचा पट्टा, कोणत्या तारखेला काढली, की काढलीच नाही? तिथे गवत होते, कारवी होती की रानमोडी? आफ्रिकेतील पुढच्या आगीची बातमी आली तर तिच्याबाबतही महिना, मागच्या आगीचे वर्ष आणि कुंपणाबाहेरचा व्यवसाय एवढे तीन तपशील वाचकांना मिळावेत. मुलुंडच्या बाजूच्या उतारांवर गेल्या सहा उन्हाळ्यांत आग दिसली त्या तारखा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या आहेत. आपल्या वार्ताहरांना त्या हव्या असल्यास कॅलेंडरे जपून ठेवली आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
मुलुंड (पश्चिम), मुंबई